आधीच्या पेशंटचा उरलेला आकडा

नौपाड्यातले एक आजोबा एकाच आठवड्यात दोनदा लॅबच्या काउंटरवर येऊन गेले. रिपोर्ट तयार झाला की फोन येईल, असं त्यांना सांगितलं होतं आणि फोन आला नव्हता. काउंटरवरच्या ताईंनी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, "आजोबा, तुम्हाला मेसेज गेलाय की." आजोबा म्हणाले, "मेसेज कुठे बघू मी? माझ्याकडे मोबाइलच नाही. घरचा फोन लिहून दिलाय तुम्हाला."

ताईंनी नोंद उघडली. नंबर घरचाच होता, आठ आकडी आणि बरोबर लिहिलेला. तरी सिस्टमने त्यावर एसएमएस पाठवला होता. गंमत अशी की त्याच आजोबांना महिनाभरापूर्वी त्याच नंबरवर व्यवस्थित आवाजी कॉल गेला होता.

ही तक्रार वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या ऑफिसात आली, कारण ती सिस्टम आमची. लॅबची केंद्रं तीन : नौपाडा, वाशी आणि डोंबिवली. रिपोर्ट तयार झालेल्या पेशंटची यादी दर अर्ध्या तासाने निघते, पावती क्रमांकाने लावलेली. आमचा प्रोग्रॅम यादीतला एकेक नंबर वाचतो, तो मोबाइल आहे की लँडलाइन हे ठरवतो आणि त्याप्रमाणे एसएमएस किंवा रेकॉर्ड केलेला कॉल पाठवतो. नंबर वाचण्याचं काम करते ती सी या प्रोग्रॅमिंग भाषेतली एक जुनी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमच्या तयार तुकड्यांचा संच. ती आमच्यातल्याच कुणीतरी कधीकाळी लिहिली आणि पुढे अनेकांनी हाताळली. शेवटचा हात माझा होता, म्हणून शोधही माझ्याकडे आला.

ज्याला आपल्याकडचे नंबर रोज वाचावे लागत नाहीत त्याला हे काम क्षुल्लक वाटेल, म्हणून थोडं सविस्तर सांगते. भारतात मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. लँडलाइनचा एसटीडी कोड आणि स्थानिक नंबर मिळूनही दहाच आकडे होतात. मुंबईचा कोड २२ आणि पुढे आठ आकडे, कल्याण-डोंबिवलीचा २५१ आणि पुढे सात, भिवंडीचा २५२२ आणि पुढे सहा. कोडच्या आधीचा शून्य या दहांत धरायचा नाही. ठाणं आणि नवी मुंबई दोन्ही ०२२ मध्येच येतात, त्यामुळे ठाण्यात राहणारा माणूस घरचा नंबर सांगताना ०२२ म्हणतच नाही. तो सरळ आठ आकडे सांगतो. डोंबिवलीकर सात सांगतो. ऐकणाराही त्याच गावचा असल्याने कोड विचारत नाही.

शून्याचाही भरवसा राहिलेला नाही. पूर्वी नंबरापुढे शून्य दिसला की बहुतेक वेळा लँडलाइन समजून चालायचं. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य दाबणं सक्तीचं झालं, आणि मोबाइल नंबरही शून्यासकट लिहून देणारे पेशंट वाढले. तेव्हा आम्ही लायब्ररीत बदल केला होता. त्या बदलाकडे पुढे येतेच.

"लावून बघितलं, चालतंय"

पहिल्या दिवशी मी केलं ते कुणीही करेल तेच. आजोबांचा नंबर (शेवटचे आकडे बदलून, पेशंटचे खरे नंबर आम्ही स्वतःच्या मशीनवर आणत नाही) लायब्ररीला एकटा देऊन बघितला. उत्तर आलं : मोबाइल. म्हणजे चूक लगेच सापडली, असं वाटलं. मग त्याच्या आधी ०२२ सकट लिहिलेला दुसरा एक नंबर ठेवून दोघांची यादी दिली. आता आजोबांचा नंबर लँडलाइन ठरला. नंबरात काहीच बदललं नव्हतं, फक्त शेजारी बदलला होता.

टेस्टिंग बघणाऱ्या सहकारीला हे दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, मग नौपाड्याच्या तक्रारी एका आड एक का येतात ते कळलं." तिने काउंटरच्या नोंदी आधीच चाळल्या होत्या. नौपाड्यात दोन खिडक्या आहेत. एका खिडकीवरच्या जुन्या ताई सगळीकडे ०२२ लावून लिहितात, शेजारच्या खिडकीवर नव्याने आलेली मुलगी पेशंट सांगेल ते आठ आकडे लिहिते. पावत्या दोन्हीकडून आळीपाळीने निघतात. कोड नसलेल्या नंबराच्या लगेच आधी जुन्या ताईंनी लिहिलेली लँडलाइन आली की कॉल जायचा, मोबाइल आला की एसएमएस. कोड नसलेले तीन नंबर ओळीने आले तर तिघांच्याही वाट्याला त्यांच्या आधीच्या पेशंटचा प्रकार यायचा. बहुतेक पेशंट मोबाइल देतात, म्हणून बहुतेक वेळा चूकच. आजोबांना महिनाभरापूर्वी कॉल गेला तो शेजाराच्या पुण्याईने.

इथवर आल्यावर दुखणं कोणत्या जातीचं आहे ते ओळखता येतं. किंमत न देता वापरलेलं व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायची नाव दिलेली जागा. सी भाषेत फंक्शनच्या, म्हणजे एखादं काम करणाऱ्या तुकड्याच्या, आत नुसतं व्हेरिएबल जाहीर केलं तर त्याला जागा मिळते, किंमत मिळत नाही. त्या जागेवर आधी जे काही पडलेलं असेल तेच वाचलं जातं. आणि अशी किंमत वाचली तर काय व्हावं हे भाषेचे नियम सांगत नाहीत, त्यामुळे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरवरही कसलं बंधन नसतं. प्रश्न उरला तो कोणतं व्हेरिएबल आणि कोणत्या वाटेवर, हा.

वॉर्निंग होत्या, पण कुठे

अशा चुकांसाठी जीसीसी या आमच्या कंपायलरमध्ये वॉर्निंग असतात. एक, नक्कीच किंमत दिलेली नाही तेव्हाची. दुसरी, ‘मेबी’ वाली : एखाद्या वाटेने किंमत न देता इथवर पोचता येतं, असं कंपायलरला वाटतं तेव्हाची. ही दुसरी ऑप्टिमायझेशन (प्रोग्रॅम वेगवान करायचं कंपायलरचं काम) चालू असेल तरच निघते, कारण प्रोग्रॅमच्या वाटा तपासण्याचं काम कंपायलर त्या टप्प्यावर करतो. आमच्या सगळ्यांच्या मशीनवर डीबगिंगच्या, म्हणजे चुका शोधण्याच्या, सोयीसाठी ऑप्टिमायझेशन शून्यावर ठेवलेलं होतं, म्हणून आम्हाला ती वॉर्निंग कधी दिसलीच नाही. ग्राहकाकडे जाणारी आवृत्ती ओ-२ वर, म्हणजे ऑप्टिमायझेशनच्या दुसऱ्या पायरीवर, बनायची. तिथे वॉर्निंग येत होत्या, पण बिल्डचा, म्हणजे प्रोग्रॅम बनवतानाचा, सगळा मजकूर एका फाइलमध्ये जायचा आणि बिल्ड यशस्वी झालं की ती फाइल कुणी उघडत नसे. ज्यांना वॉर्निंग उपयोगी पडली असती त्यांच्यापर्यंत ती पोचत नव्हती. हे मला या प्रकरणातलं सगळ्यात दुखरं ठिकाण वाटतं, कारण यात तांत्रिक अवघड असं काहीच नाही.

मी ओ-२ वर, सगळ्या वॉर्निंग चालू करून, लायब्ररी नव्याने बनवली. एकोणीस वॉर्निंग आल्या. दीड दिवस त्या एकेक करून वाचल्या.

बऱ्याचशा निरुपद्रवी निघाल्या आणि त्यांचा साचा एकच होता. वर म्हटलेलं, एक्स्टेन्शन (मुख्य नंबरापुढचा आतला नंबर) सापडलं तर त्याची लांबी अमुक व्हेरिएबलमध्ये ठेव. खाली म्हटलेलं, एक्स्टेन्शन सापडलं असेल तर ती लांबी वापर. वाचणाऱ्याला दोन्ही अटी एकच आहेत हे दिसतं. कंपायलरला मधल्या फंक्शन कॉलमुळे तसं खात्रीने म्हणता येत नाही, म्हणून तो शंका घेतो. अशा ठिकाणी मी दोन्ही अटी एकत्र आणल्या. शंका गेली आणि प्रोग्रॅमही वाचायला सोपा झाला. दोन वॉर्निंग मात्र खऱ्या होत्या. त्यातली एक फक्त ‘+’ चिन्ह लिहून पुढे काहीच नसलेल्या नोंदीची. प्रत्यक्षात अशी नोंद कधी आली नव्हती, पण आली असती तर लायब्ररीने कुठलातरी देश कोड ठोकून दिला असता.

आजोबांच्या बाबतीत मात्र एकही वॉर्निंग नव्हती. मी दोनदा तपासलं. नंबराचा प्रकार ज्या रचनेत, म्हणजे स्ट्रक्टमध्ये ठेवला जातो ती जाहीर होते यादीतल्या एकेका नंबरावर फेरी मारणाऱ्या लूपमध्ये, एका फाइलमध्ये. भरली जाते लायब्ररीच्या फंक्शनमध्ये, दुसऱ्या फाइलमध्ये. लूप फंक्शनला रचनेचा मेमरीतला पत्ता देतो. पत्ता बाहेर गेला की कंपायलर समजतो, पलीकडचं फंक्शन रचना भरत असेल. दुसऱ्या फाइलमधलं फंक्शन त्याला दिसत नाही, आणि त्या फंक्शनपुरतं बघितलं तर तिथे रचनेतल्या फक्त एका घरात किंमत लिहायची राहिली आहे, जी कोणी वाचतही नाही. दोघांच्या मधल्या जागेत चूक हरवते.

मग व्हॅलग्राइंड. २००२ पासून वापरात असलेलं हे साधन प्रोग्रॅम चालत असताना मेमरीतल्या प्रत्येक बिटला किंमत दिली आहे की नाही याची वही ठेवतं. किंमत नसलेला बिट नुसता इकडून तिकडे नेला तर ते गप्प बसतं. त्या बिटावरून निर्णय घेतला, ‘जर असेल तर’ असं विचारलं, की बोलतं. मला वाटलं, आता सुटणार नाही. तीनशे ओळींची बनावट यादी लावली. प्रोग्रॅम सावकाश, चांगला रेंगाळत चालला आणि शेवटी अहवाल आला : एकही चूक नाही.

त्या संध्याकाळी मी ठाणे स्टेशनपर्यंत चालत गेले आणि वाटेत प्रोग्रॅममधला तो लूप डोक्यात पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. रचना लूपच्या आत जाहीर झाली आहे. आपण वाचताना समजतो की प्रत्येक फेरीत नवी रचना मिळते. यंत्राच्या बाजूने तसं काही घडत नाही. फंक्शन सुरू होताना स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, एकदाच जागा आखली जाते आणि प्रत्येक फेरी तीच जागा वापरते. पहिल्या पेशंटने तिथे ‘मोबाइल’ लिहिलं. दुसऱ्याच्या वेळी कुणी काही लिहिलं नाही. व्हॅलग्राइंडच्या वहीत त्या जागेला किंमत दिल्याची नोंद आहेच, आणि ती खोटी नाही. किंमत दिली होती, फक्त दुसऱ्या माणसासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी उलटी केली. कोड नसलेला नंबर पहिल्या ओळीवर ठेवला. व्हॅलग्राइंड लगेच बोललं : अट किंमत नसलेल्या मूल्यावर अवलंबून आहे. मूळ शोधण्याचा पर्याय चालू केल्यावर त्याने जन्मस्थानही सांगितलं, तो लूप असलेल्या फंक्शनची स्टॅकवरची जागा. नेमकं कोणतं घर ते मात्र त्याने सांगितलं नाही. ते आम्हाला हातानेच शोधावं लागलं.

शून्याने झाकलेलं दुखणं

इथे मी एक चुकीचा उपाय केला आणि तो दोन दिवस ग्राहकाकडे चालूही राहिला. तो सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होणार नाही.

तक्रार पेटलेली होती. लूपमध्ये, प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला, मी पूर्ण रचना शून्याने भरली. एका ओळीचं काम. व्हॅलग्राइंड शांत झालं, निकाल आता यादीच्या क्रमावर अवलंबून राहिला नाही, आणि मी ती आवृत्ती पाठवली. दुसऱ्या दिवशी जुन्या ताईंचाच फोन आला. "मॅडम, आता तर कोड नसलेल्या एकालाही कॉल जात नाहीये. आधी निदान काहींना जायचा."

नंबराच्या प्रकारांची आमची यादी अशी होती : मोबाइल म्हणजे ०, लँडलाइन म्हणजे १, टोल-फ्री म्हणजे २. कोणीतरी पहिला सुचला तो प्रकार पहिल्यांदा लिहिला असेल. शून्य भरणं म्हणजे माहीत नसलेल्या प्रत्येक नंबराला मोबाइल म्हणून टाकणं. आधी चूक कधी व्हायची कधी नाही, आता ती न चुकता व्हायला लागली, आणि ती दाखवून देणारी सगळी साधनं मी एका ओळीत गप्प केली होती. वॉर्निंग मला विचारत होती की या वाटेने आलेल्या नंबराचा प्रकार कोणता. मी उत्तर न देता एक आकडा पुढे केला, आणि तो आकडा योगायोगाने आमच्या शब्दकोशात ‘मोबाइल’ असा वाचला गेला.

ती ओळ काढून टाकली आणि खरी वाट शोधायला बसले. त्यासाठी जीसीसी १२ मध्ये, २०२२ साली आलेला एक पर्याय फार उपयोगी पडला. किंमत न दिलेल्या प्रत्येक स्थानिक व्हेरिएबलमध्ये कंपायलरने स्वतः काहीतरी भरावं, असं सांगता येतं. एकतर शून्य, नाहीतर ठरावीक विचित्र नमुना. भरणं व्हेरिएबल जाहीर होतं त्या जागी होतं, त्यामुळे लूपच्या प्रत्येक फेरीत नव्याने होतं, आणि व्हॅलग्राइंड जिथे फसलं तिथे हे फसत नाही. शिवाय आधीच्या वॉर्निंगही झाकल्या जात नाहीत. मी प्रोग्रॅम दोनदा बनवला, एकदा शून्याचा आणि एकदा नमुन्याचा. दोघांना तीच यादी दिली आणि निकाल ओळीला ओळ लावून बघितले. ज्या नंबराला प्रत्येक वाटेवर किंमत मिळते त्याचा निकाल दोन्हीकडे सारखाच येणार. फरक पडला तो फक्त कोड नसलेल्या आठ आणि सात आकडी नंबरांत. एकही अपवाद नाही. मला वाटतं, हाताशी जुना प्रोग्रॅम आणि थोडा वेळ असेल तर या युक्तीने सुरुवात करावी. मी शेवटी केलं ते आधी करायला हवं होतं.

फंक्शनचा इतिहास उघडल्यावर कारण दिसलं. २०२१ च्या आधी फंक्शनच्या वरच्या भागात एकच ओळ होती : पुढे शून्य असेल किंवा आकडे दहापेक्षा कमी असतील तर लँडलाइन, नाहीतर मोबाइल. भोळी ओळ, पण तिच्यातून कोणीही किंमत न घेता सुटत नव्हतं. शून्याचा नियम बदलल्यावर आम्ही ती ओळ मोडली. आधी शून्य सोलून बाजूला ठेवायचा, मग दहा आकडी नंबराचा पहिला आकडा आणि एसटीडी कोडांची यादी बघून प्रकार ठरवायचा. दहा आकड्यांच्या दोन्ही फांद्यांत प्रकार लिहिला गेला. तिसऱ्या फांदीत, जिथे कमी आकड्यांच्या नंबराला केंद्रावरून कोड चिकटवला जातो, तिथे कोड चिकटवला आणि प्रकार राहून गेला. टेस्ट होत्या, पण त्या फक्त पूर्ण झालेले दहा आकडे तपासत होत्या. ते दहा आकडे नेहमीच बरोबर होते. तो बदल माझ्या नावावर आहे.

दुरुस्ती करताना तिसऱ्या फांदीत ‘लँडलाइन’ लिहिलं असतं तर तक्रार मिटली असती. पण तोवर मला प्रत्येक फांदीला तोच प्रश्न विचारायची सवय लागली होती, आणि काही फांद्यांवर प्रामाणिक उत्तर ‘सांगता येत नाही’ असंच होतं. बंगळूरचा कोड ८०. त्या लँडलाइनचे दहा आकडे नुसत्या पहिल्या आकड्यावरून बघितले तर मोबाइलच वाटतात, आणि आमचा प्रोग्रॅम पहिला आकडाच आधी बघत होता. मुलाकडे बंगळूरला राहून आलेले पेशंट तिथला नंबर देतात, हे ताईंनीच सांगितलं. म्हणून प्रकारांच्या यादीत ० वर आता ‘ठरलेला नाही’ आहे आणि मोबाइल १ वर गेला. लायब्ररीचं फंक्शन आत शिरताच स्वतः ती किंमत लिहितं, बोलावणाऱ्यावर विसंबत नाही. पुढे वापरणाऱ्या ठिकाणी ‘बाकी सगळे’ ही फांदी काढली आणि प्रत्येक प्रकार नाव घेऊन लिहिला, म्हणजे उद्या कुणी नवा प्रकार वाढवून एखादी जागा विसरला तर कंपायलर सांगेल. सगळ्यांच्या मशीनवर रोज एकदा ओ-२ चं बिल्ड होतं, आणि किंमत न दिल्याची वॉर्निंग आली तर ते बिल्ड अडतं. या शेवटच्या गोष्टीवर ऑफिसात थोडी कुरकुर झाली. खोट्या वॉर्निंगपायी काम अडेल, असं म्हणणं होतं. तसं दोनदा अडलंही. दोन्ही वेळा दहा मिनिटांत अटी एकत्र आणून सुटलं, आणि मी हा नियम सोडायला तयार नाही.

‘ठरलेला नाही’ अशा नंबरांना आता आपोआप काहीच जात नाही. संध्याकाळी त्यांची छोटी यादी काउंटरला येते आणि ताई स्वतः फोन लावतात. नवी आवृत्ती लागली त्या पहिल्या संध्याकाळी मी नौपाड्यात जाऊन बसले होते. आजोबांचा कॉल दुपारीच गेला होता, त्यांच्या सूनबाईंनी उचलला. यादीत एकच नंबर होता, सात आकडी. केंद्र नौपाड्याचं म्हणून ०२२ लावलं तर नऊच आकडे होत होते, त्यामुळे लायब्ररीने हात टेकले होते. ताईंनी पावतीवरचं नाव वाचलं. "या काकू मुलीकडे आल्या होत्या, तेव्हा इथे रक्त दिलं. राहतात डोंबिवलीला." त्यांनी रिसीव्हर उचलला आणि आधी ०२५१ दाबलं.